अर्धा शब्द आणि चाळीस बोटं

२ मार्च, सोमवार

डायरी पुन्हा सुरू. या वेळी रोज लिहिणार. मागची ४ जानेवारीला बंद पडली, पण दोष पेनाचा होता. नवीन पेन घेतलं आहे.

दुपारी साडूंचा फोन. मी तेव्हा एका बारा मजली इमारतीत लिफ्टच्या तपासणीवर. लिफ्ट इन्स्पेक्टरचं निम्मं आयुष्य दोन मजल्यांच्या मधे जातं, हे साडूंना चौदा वर्षांत कळलेलं नाही. त्यांनी अध्यक्षीय आवाजात सांगितलं की सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस चौदा तारखेला, शनिवारी संध्याकाळी, साडूंच्याच घरी. पाहुणे वीस. जेवण बाहेरून. "आणि थीम ठरली आहे, भूत..." एवढं ऐकू आलं आणि लिफ्टचं दार बंद झालं. रेंज गेली.

परत फोन केला नाही. साडूंना एक गोष्ट तीनदा सांगायची सवय आहे आणि मला अर्ध्या शब्दात कळतं. भूत. पंचाहत्तराव्या वाढदिवसाला जरा धाडसी थीम. पण साडू दातांचे डॉक्टर आहेत, माणसाला घाबरवून पैसे घेण्याची सवय.

वर आल्यावर मेसेज टाकला: स्टार्टर माझ्याकडे, थीमप्रमाणे, सगळं घरी बनवणार. साडूंनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. त्यावरूनच सुचलं. बोटं करायची. तुटलेली.

३ मार्च, मंगळवार

आज चहाच्या वेळी बायको कप तसाच ठेवून बसली होती. मागच्या महिन्यात सासरे न्हाणीघरात पाय घसरून पडले, मनगट दुखावलं. एकटे राहतात. दोन्ही मुली म्हणतात, आमच्याकडे या. ते म्हणाले, वाढदिवसाच्या दिवशी सांगेन. मेहुणीकडे चार खोल्या, गच्चीतली बाग आणि साडू. आमच्याकडे अडीच खोल्या आणि मी.

बायको म्हणाली, "बाबा माझ्याकडे यावेत असं मला फार वाटतं. एवढं एकदा त्यांच्यासमोर सगळं नीट होऊ दे."

तिने "सगळं" म्हणताना माझ्याकडे का पाहिलं ते कळलं नाही.

सासऱ्यांचं आणि माझं तसं उत्तम आहे. ते चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवत होते, व्याकरण त्यांच्या रक्तात. साखरपुड्याला मी उठून "मी आपला आभार आहे" असं म्हणालो होतो. "आभारी" म्हणायचं होतं. तेव्हापासून ते माझ्याशी जपून बोलतात. मी वाढदिवसाला शुभेच्छा पाठवल्या की तोच मेसेज दुरुस्त करून परत पाठवतात. नात्यात देवाणघेवाण हवीच.

बायकोला थीम माहीत आहेच. म्हणाली, छान आहे ना, बाबांना नक्की रडू येणार. मी म्हटलं, येईलच. स्टार्टर काय करतोयस विचारलं. सरप्राइज, म्हटलं. तिने साधंसं काहीतरी कर असा सल्ला दिला. बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, मोजून देण्याची सवय. मोठा विचार झेपत नाही.

५ मार्च, गुरुवार

बायकोची दुपारची ड्युटी. स्वयंपाकघर माझं.

मैदा, लोणी, पिठीसाखर. नखाच्या जागी बदाम. तुटलेल्या टोकाला लाल जॅम. व्हिडिओतली बाई सगळं हसत हसत करते. मी ते शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं. कॅलिपरने स्वतःची तर्जनी मोजली: लांबी बहात्तर मिलिमीटर, जाडी सोळा. त्याच मापाची बारा बोटं वळली. ओव्हनमधून काढली तेव्हा जाडी एकतीस.

बोटं सुजली. दोन एकमेकांना चिकटली. एकाचं नख निसटून शेजारच्याला लागलं, त्यामुळे त्याला दोन.

चूक मैद्याची. मैदा फुगीर होता. शिवाय पाचही बोटं सारखी नसतात, हे शहाण्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे. यांना अंगठे म्हणायचं ठरवलं. चाळीस बोटांचं टार्गेट कायम, वीस माणसांना दोन-दोन. लोक तोंडात बोटं घालतील. दोन्ही अर्थांनी.

६ मार्च, शुक्रवार

खालच्या मजल्यावर एक नर्स राहते. तज्ज्ञांचं मत म्हणून चार अंगठे तिच्याकडे नेले. तिने दार उघडलं, बशी पाहिली आणि पटकन माझ्या हातांची बोटं मोजली. मग शांतपणे विचारलं की ही सूज कधीपासून आहे. म्हणजे हुबेहूब जमलं आहे.

खाल्लं नाही. ड्युटीवर जायचं होतं म्हणे.

८ मार्च, रविवार. दुपारी ३

आज डोळे. उकडलेलं अंडं, मधे काळं ऑलिव्ह, सॉसच्या लाल शिरा. यात बिघडण्यासारखं काही नाही. चोवीस अंडी गॅसवर ठेवली आहेत. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

चार वाजता मॅच सुरू झाली. हे आधी कोणी सांगायला हवं होतं.

पाणी आटलं. मग एक अंडं फुटलं, मग बाकीच्यांनी त्याचं अनुकरण केलं. छतावर तीन ठिकाणी पिवळं आहे. एक ऑलिव्हही वर आहे, ते कसं गेलं कळत नाही, मी अजून ऑलिव्ह लावायला घेतलीच नव्हती.

बायको आली, वर पाहिलं, पर्स ठेवली, परत वर पाहिलं. काहीच बोलली नाही. कौतुक करायला तिला शब्द लवकर सापडत नाहीत. छत मी पुसलं. शिडी वापरताना लक्षात आलं की पंख्याचा स्क्रू सैल आहे. म्हणजे त्या निमित्ताने पंखा वाचला. अंडी वाया गेली असं म्हणता येणार नाही.

संकल्प: उद्यापासून गॅससमोरून हलायचं नाही.

९ मार्च, सोमवार

ऑफिसात चाचणी. आमच्याकडे एक जुना मेकॅनिक आहे, सगळे त्याला ग्रीसबाबा म्हणतात. तो लिफ्टच्या टपावर बसून डबा खातो. त्याला चार बोटं दिली. त्याने पहिलं चावलं, थांबला, आणि पाना मागितला. विनोदी माणूस आहे.

मग मात्र त्याने एक कामाची गोष्ट सांगितली. म्हणाला, साहेब, बायकोला विचारून करा. मी त्याला समजावलं की घरातल्या बायकांना आपण एकदा विचारायला लागलो की मग कायमचं विचारावं लागतं. तो म्हणाला, मी चाळीस वर्षं विचारतोय, चाळीस वर्षं जेवतोय. जुन्या पिढीला स्वाभिमान ही चीज माहीत नाही.

बोटं कडक झाली कारण मी सूज घालवायला ती दुसऱ्यांदा भाजली होती. आता समजलं. अनुभव हाच गुरू.

१० मार्च, मंगळवार

आज थडगी. कल्पना संपूर्णपणे माझी, व्हिडिओत नाही.

टोस्टचे तुकडे वरून गोल कापायचे, बटाट्याच्या लगद्याच्या बागेत उभे करायचे, आणि वर चीजने अक्षरं काढायची. प्लास्टिकच्या पिशवीला कोपऱ्यात भोक पाडलं की झालं. भोक थोडं मोठं पडलं. लिहिलं: "चीरनिद्रा". दुसऱ्यावर: "आत्म्याला शांती मीळो". अशी अकरा. मधलं थडगं सगळ्यांत मोठं, त्यावर फक्त "७५". म्हणजे थीमही झाली, वाढदिवसही झाला. एका दगडात दोन पक्षी.

कन्या शाळेतून आली. वय तेरा, बापाच्या कलेबद्दल अनास्था. आज मात्र थडग्यांसमोर बराच वेळ उभी राहिली. मग विचारलं की काकांनी फोनवर नेमका काय शब्द सांगितला होता. मी सांगितलं. पुढे काही म्हणाले होते का, असंही विचारलं. म्हटलं, पुढे लिफ्टचं दार लागलं.

ती बाथरूममध्ये गेली आणि दहा मिनिटं आतून विचित्र आवाज येत होते. पोट बिघडलं असावं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, बाबा, यातलं काहीही बदलू नकोस. जन्मात पहिल्यांदा माझ्या कामाला तिने दाद दिली. मन भरून आलं.

११ मार्च, बुधवार

बायको तीन दिवस जुने फोटो काढून बसली आहे. सासऱ्यांचा शाळेतला, सासूबाईंबरोबरचा, सायकलवरचा. मोठे करून भिंतीवर लावणार आहेत. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. भूत या थीमसाठी गेलेल्या माणसाचा फोटो लावणं मला जरा जास्तच वाटलं, पण त्यांच्या घरचा मामला. मी मधे पडत नाही.

तिने सासूबाईंचा जुना हिरवा कोट स्वतःच्या मापाचा करून घेतला आहे. तो अंगावर घालून माझ्यासमोर उभी राहिली आणि कशी दिसते विचारलं. मी मनापासून म्हणालो, अंगावर काटा आला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात धरून म्हणाली, मला वाटलं होतं तुला कळणार नाही.

बरं वाटलं. बऱ्याच वर्षांनी तिने हात धरला. बाबा आमच्याकडे आले तर ही अशीच राहील का, असा विचार दिवसभर मनात होता. मी कोणाला सांगितलेलं नाही, पण मलाही ते यायला हवे आहेत. त्यांच्या घरी गेलो की मी खुर्चीच्या कडेवर बसतो. ते माझ्या घरी असले तर एखाद्या दिवशी मी नीट टेकून बसेन.

स्टार्टर निर्णायक ठरणार.

१३ मार्च, शुक्रवार

आढावा. बोटं: टार्गेट चाळीस, तयार तेवीस. बाकी चाचणीत खर्ची पडली. डोळे: अकरा, पैकी एक तिरळा. थडगी: बारा. मेंदू: एक अख्खा फुलकोबी ओव्हनमध्ये भाजून वर बिटाचा रस. तो पाहून मलाच थोडं कसंतरी झालं. म्हणजे यशस्वी.

फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून दूध, दही आणि बायकोचा डबा बाहेर ठेवला. दूध नासलं. दुधाचा दर्जा हल्ली राहिला नाही.

बायकोला फ्रिज उघडायची बंदी घातली. ती उद्या सकाळीच तयारीला मेहुणीकडे जाणार, बाबांना घेऊन. उद्या एक गोष्ट लक्षात ठेवायची: साडूंनी कौतुक केलं तर नम्रपणे घ्यायचं.

१४ मार्च, शनिवार. दुपारी ४.३०

मेकअप झाला. तोंडाला टाल्कम पावडर, डोळ्यांखाली बुटाचं काळं पॉलिश, अंगावर काळा रेनकोट. कन्येने आजीचा जुना गोल चष्मा घातला आहे आणि दोन वेण्या. चेटकीण म्हणून फारच सौम्य, पण मी नाउमेद केलं नाही. निघताना तिने माझे फोटो काढले. बरेच.

१५ मार्च, रविवार. सकाळ

हे लिहून काढायलाच हवं. अक्षर वाकडं येतं आहे. पेन बरं नाही.

साडूंच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक आजी होत्या. मला पाहून त्या दुसऱ्या मजल्यावरच उतरल्या. जायचं त्यांना पाचव्यावर होतं.

दारात मोठ्या अक्षरांत फलक होता: भूतकाळ. मला आवडलं. भूत तर होतंच, शिवाय काळही, म्हणजे साक्षात यम. साडूंनी माझ्यापेक्षा एक पाऊल पुढे टाकलं असं वाटून थोडी असूयाही झाली.

आत गेलो. भिंतीभर जुने फोटो. टेबलावर जुना रेडिओ. साडू आपल्या वडिलांच्या काळचा रुंद कॉलरचा शर्ट घालून उभे. मेहुणीच्या केसांत रिबन. सासऱ्यांचे चार जुने विद्यार्थी, आता टक्कल पडलेले, शाळेचे टाय लावून. सगळ्यांच्या चेहऱ्यावर साधी, माणसांची त्वचा. पावडर कोणीच लावली नव्हती. बोलणं थांबलं. रेडिओही नेमका त्याच वेळी थांबला.

मला अजूनही वाटत होतं की हे मेकअपला उशीर करत आहेत.

मेहुणीने माझ्या हातातला मोठा ट्रे घेतला आणि झाकण काढलं. ती किंचाळली नाही. तिने ट्रे फक्त खाली ठेवला, फार हळू, जणू आत कोणी झोपलं आहे. बटाट्याच्या बागेत बारा थडगी, मधे "७५", भोवती बोटं आणि वरून अकरा डोळे पंचाहत्तर वर्षांच्या माणसाकडे बघत होते. त्यातला तिरळा भिंतीकडे.

साडू म्हणाले, "मी भूतकाळ म्हणालो होतो. भूतकाळ. बाबांचा शब्द आहे, व्याकरणातला."

तेव्हा पुढची दोन्ही अक्षरं मला पोचली. बारा दिवस उशिरा.

कन्या पडद्यामागे गेली होती, पडदा हलत होता. पण मी बायकोकडे पाहिलं. ती आईचा हिरवा कोट घालून बाबांच्या खुर्चीमागे उभी होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती, तिने नुसती आशा सोडलेली दिसत होती. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर तेवीस बोटं दाखवून केलं. इतरांची चूक शोधायला मी बराच प्रयत्न केला. लिफ्ट आठवली, रेंज आठवली, साडूंचा आवाज आठवला. काही उपयोग झाला नाही. फोन परत करायला दहा सेकंद लागले असते.

सासऱ्यांनी चष्मा लावला. पुढे वाकले. एक थडगं उचललं, डोळ्यांजवळ नेलं, वाचलं. मग दुसरं. पूर्ण बाराची बारा वाचली. मग ते म्हणाले, चिरनिद्रेतला "चि" ऱ्हस्व. "मिळो"मधला "मि"सुद्धा. अकरा थडग्यांत अकरा चुका. मधल्यात चूक नाही, कारण ते आकड्यांत आहे.

आणि "७५"चा एक तुकडा मोडून खाल्ला.

मग बोट मागितलं. नख कशाचं आहे विचारलं. बदामाचं, म्हटलं. दात बरे आहेत का हे साडूंना तपासायला लावून त्यांनी ते सबंध खाल्लं, तब्बल सात मिनिटं. टकल्या विद्यार्थ्यांपैकी एकाने डोळा उचलला. गुरुजी खातात म्हटल्यावर बाकीच्यांनाही खावं लागलं. मेंदूला कोणी हात लावला नाही.

जेवणानंतर मेहुणीने विषय काढला. बाबा, ठरलं का. साडूंनी लगेच बागेकडची खोली, गरम पाण्याची सोय, न्हाणीघरात धरायला दांडा, सगळं सांगितलं. सगळं खरं होतं. मी रेनकोटची बटणं मोजत उभा होतो.

सासरे म्हणाले, "मी धाकटीकडे राहीन. थोरल्या जावयाच्या घरी सगळं बरोबर असतं. तिथे मी दिवसभर करू काय?"

बायको खाली बसली आणि बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मग हसली. मग माझ्याकडे बघून आणखी हसली, कारण माझं पॉलिश गालांवर उतरलं होतं. घाम आला होता.

निष्कर्ष: स्टार्टर निर्णायक ठरले. मी म्हटलंच होतं.

१७ मार्च, मंगळवार

न्हाणीघरात दांडा बसवला. कन्येची खोली बाबांना, कन्या हॉलमध्ये. तिने तक्रार केली नाही. माझे पावडर लावलेले फोटो तिने अख्ख्या वर्गाला पाठवले आहेत असं कळलं, त्यामुळे ती सध्या खुशीत असते.

ऑफिसात सर्वांना सांगितलं की सासऱ्यांनी साडूंना डावलून मला निवडलं. ग्रीसबाबाने कारण विचारलं. आवड असते एकेकाची, म्हटलं.

२२ मार्च, रविवार. सकाळी ७.१०

सासरे गुरुवारी आले. तीन दिवसांत आमचं नातं फार जवळचं झालं आहे. इतकं जवळ बसतात की टेकायला जागा उरत नाही.

दिनक्रम असा. साडेपाचला उठवतात. सहा ते साडेसहा श्रुतलेखन. ते वाचतात, मी लिहितो. काल पंचवीसपैकी नऊ. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा. "चिरनिद्रा" आत्तापर्यंत तीस वेळा झाली. कामावर जाताना माझे तपासणीचे शेरे वाचून घेतात. शुक्रवारी मी एका लिफ्टखाली "सुरक्षीत" लिहिलं होतं, तर म्हणाले, दीर्घ "क्षी" असेल तर मी त्या लिफ्टमध्ये बसणार नाही. बायको दारात उभी राहून ऐकते. माहेरपणाला आल्यासारखी दिसते. आज तिने मला चहात साखर जास्त घातली, न मागता.

आज सकाळी बाबांनी विचारलं, रोज त्या वहीत काय लिहिता. डायरी, म्हटलं. ते म्हणाले, "आणा, बघू."

दहा मिनिटं मागून घेतली आहेत. ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसले आहेत. मागची पानं वाचून पाहिली. फाडायची तर नंबर छापलेले आहेत, त्यांच्या लगेच लक्षात येईल.

तरी वाचकांच्या माहितीसाठी नमूद करतो की सासरे हे अत्यंत प्रेमळ गृहस्थ आहेत, थीम उत्तम होती, आणि मी त्यांचा आभारी आहे. "री" दीर्घ. तपासून लिहिलं आहे.

बाहेर पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला.